तीन शिट्ट्या आणि एक बिबळ्या

आमचं अख्खं कुटुंब बिबळ्याने खाल्लं तेव्हा मी तुरीची डाळ शिजवत होते.

(म्हणजे खाल्लं नव्हतं. पण पुढची वीस-पंचवीस मिनिटं माझी तशी पक्की समजूत होती. त्या समजुतीत मी जे काही केलं ते आमच्या घरात अजूनही पाहुण्यांना चहाबरोबर सांगितलं जातं. इतरांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.)

आमच्या बिल्डिंगमध्ये एकच रंगीत टीव्ही होता, त्या काळातली ही गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला राहायचो. मी एका पंख्यांच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. माझ्या सहीशिवाय तिथून एक स्क्रू हलत नसे, आणि घरातही साधारण तोच कारभार होता. किराण्याची यादी, धोब्याची यादी, गावाला जाताना बंद करायच्या नळांची यादी! आमचे हे म्हणायचे, "हिच्या याद्यांचीसुद्धा एक यादी आहे." (होती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली.)

त्या दिवाळीच्या सुट्टीत तेरा वर्षांच्या मंजूने तोंड फुगवलं. "वरच्या मजल्यावरचे मनालीला जाऊन तंबूत राहिले. आपण म्हणजे दर वर्षी मालवण! ना काही थ्रिल, ना काही!"

"तंबूत काय थ्रिल?" यांनी विचारलं.

"तंबूतच तर थ्रिल मिळतं, बाबा!" आठ वर्षांची चिंगी म्हणाली. तिला थ्रिल म्हणजे काहीतरी खायची वस्तू वाटत होती, हे नंतर कळलं.

मनाली काही जमण्यासारखं नव्हतं. पण यांचे मावसभाऊ, दत्ताभाऊजी, आरे कॉलनीत तबेल्याच्या कामावर होते आणि तिथेच क्वार्टर्समध्ये राहायचे. त्यांच्या तबेल्यामागे मोकळं गवताळ पठार होतं. मी त्यांना विचारलं.

"या की वहिनी! झकास जागा आहे. एक रात्र राहा, सकाळी ताजं दूध प्या."

"तिथे बिबळ्या येतो म्हणे?"

"येतो कधीकधी. पण काही करत नाही हो! गेल्या आठवड्यात एक कुत्रं नेलं फक्त."

त्या 'फक्त'वर मी जाणं रद्दच करणार होते. पण मंजूला शब्द दिला होता. मी वही काढली.

सासूबाईंचा या प्रकाराला सक्त विरोध होता. "वाघाच्या दारात जावन जेवूक कित्याक व्हया? घरात जागा नाय?"

"आई, सगळी तयारी करून जाणार आहे. जबाबदारी माझी."

"तुझी? मग आयक. पोरांका नेतंस तशी परत हाड. एकपण कमी झाला तर माका तोंड दाखवू नको."

"तीन माणसं नेते, तीन माणसं परत आणते!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं. एवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून आपली शिसवी काठी घेऊन त्या स्वतःच आमच्याबरोबर निघाल्या. म्हणजे तिनाची चार माणसं झाली.

मी एकूण चार याद्या केल्या. सामानाची, खाण्याची, कामांच्या वाटणीची आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: धोक्याची. माझ्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे जेवायला या. दोन म्हणजे हजेरी. तीन म्हणजे बिबळ्या! तीन वाजल्या की मुलींनी आणि सासूबाईंनी तबेल्याशेजारच्या चाऱ्याच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. यांनी जवळच्या कोरड्या हौदात उतरून बसायचं. आवाज करायचा नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. (बिबळ्या हाक मारत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.) पुढील सूचना मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. बिल्डिंगच्या गॅलरीत मी दोनदा तालीम घेतली. दुसऱ्या वेळी सगळे अकरा सेकंदांत दिसेनासे झाले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तंबू आणला गणपतीचा मंडप घालणाऱ्या डेकोरेटरकडून. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. "रंग पक्का ना?" मी विचारलं.

"एकदम पक्का, ताई! दहा दिवस बाप्पा बसतात ह्याच्याखाली!"

(बाप्पांच्या डोक्यावर ताडपत्री असते, हे त्याने सांगितलं नाही.)

तंबूचं गाठोडं, बांबू, स्टोव्ह, कुकर, रॉकेलचा डबा आणि काठीसकट सासूबाई असं सगळं घेऊन आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा कंडक्टरने विचारलं, "घर बदललं का?"

सकाळ छान गेली. तंबू उभा राहिला. मंजू खूश, चिंगी खूश, हे गवतावर आडवे. मी तेवढी दर पाच मिनिटांनी चारी दिशांना बघत होते. पिवळं काही दिसलं की मी शिट्टी तोंडाशी न्यायचे. एकदा तर मी चिंगीच्या पिवळ्या स्वेटरलाच घाबरले.

आणि बाराच्या सुमाराला आभाळ भरून आलं. दिवाळीत! पावसाची सोय माझ्या एकाही यादीत नव्हती, कारण कॅलेंडर बघून पावसाळा मी स्वतः खोडून टाकला होता. बघता बघता असा अंधार झाला की म्हशी उगाचच हंबरायला लागल्या. वीज कडाडली आणि पाऊस कोसळला. सगळे तंबूत घुसले. तंबूच्या छपराला पोट सुटलं. सासूबाई त्या पोटाखाली बसून म्हणाल्या, "मालवणाक आमच्या घरार कौला आसत."

मंजू रडकुंडीला आली होती. सुट्टी वाया चालली होती आणि सगळे उपाशी होते. निदान गरम वरणभात तरी पोटात जावा म्हणून मी स्टोव्ह आणि कुकर घेऊन तबेल्याच्या मागच्या भिंतीच्या आडोशाला गेले. तिथे वरून पत्रा होता, पण तिथून तंबू दिसत नव्हता. मला तंबू दिसत नव्हता आणि तंबूला मी दिसत नव्हते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

स्टोव्ह पेटवला. आधी पातेल्यात भात करून उतरवला. आता डाळ. समोर गवत वाऱ्याने हलत होतं. वाऱ्यानेच ना? मी एक डोळा गवतावर आणि एक कान कुकरवर ठेवून बसले. लग्न झाल्यापासून आमच्या घरात तुरीची डाळ तीन शिट्ट्यांवर शिजते. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

मी स्टोव्ह बारीक केला, छत्री उघडली आणि सगळ्यांना जेवायला बोलवायला भिंतीला वळसा घालून गेले.

तंबूत कोणी नव्हतं.

चिंगीची एक चप्पल दारात उलटी पडली होती. आणि तंबूच्या खालून पाण्याचा ओघळ माझ्या पायाकडे येत होता. लाल! लालभडक!

छत्री हातातून कधी सुटली ते कळलं नाही. "मंजू! चिंगी!" उत्तर नाही. "आई! अहो!" उत्तर नाही. पाऊस, म्हशी आणि लाल पाणी. चार माणसं नेली होती, परत न्यायला एक चप्पल उरली होती. सासूबाईंना तोंड दाखवायचा प्रश्न मिटला होता, कारण सासूबाईही गेल्या होत्या!

मग मी तेच केलं जे यादीत लिहिलं होतं. शिट्टी तोंडात घातली आणि जिवाच्या आकांताने वाजवली. तीनदा.

त्या वेळी चाऱ्याच्या खोलीत काय चाललं होतं, हे मला नंतर मंजूने सांगितलं. तिघी कडी लावून कडब्यावर बसल्या होत्या.

"आजी, आणखी तीन वाजल्या," चिंगी कुजबुजली. "म्हणजे दोन बिबळे आले!"

इकडे बिनदेखरेखीचा कुकर स्टोव्हवर होताच. स्टोव्ह नीट बारीक झालाच नव्हता. त्याने आपल्या तालात आणखी तीन शिट्ट्या दिल्या.

"तीन झाले!"

"सूनबाय खंय आसा?" सासूबाईंनी विचारलं. "तिका खंय लपाक सांगितला हा?"

मंजूने फ्रॉकच्या खिशातून ओली यादी काढून वाचली. "आईचं नाव यादीत नाहीये, आजी. आईने सगळ्यांच्या जागा लिहिल्या. स्वतःची लिहिलीच नाही."

इतक्यात दाराच्या फटीतून वास आला. करपल्याचा.

सासूबाई ताडकन उठल्या. "डाळ करापली!"

"आजी, बाहेर जायचं नाही! पुढील सूचना मिळेपर्यंत..."

"अगो, पंधरा वर्सा ती माझ्या घरात रांधता. एक दिस तिना डाळ करपवूक नाय. करापली म्हणजे वाघान तिका नेल्यान! सोड माका!"

आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी पंधरा वर्षांत माझ्या डाळीबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता, काठी घेऊन तीन बिबळ्यांवर चालून गेल्या.

मी तोपर्यंत कुठे होते? गवतात काहीतरी खसफसलं होतं. (काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.) घाबरून मी तंबूत सूर मारला. बांबू आधीच सैल झाला होता. माझा धक्का लागला आणि साचलेल्या पाण्यासकट अख्खा तंबू माझ्यावर बसला! ओलं कापड तोंडाला असं चिकटलं की ओरडायला जावं तर घशातून नुसती घुरघुर. हातपाय झाडावेत तर आणखी गुरफटायला होई. मनात म्हटलं, संपलं. आता तो येणार.

तो नाही आला. काठी आली.

"मेल्या! माझ्या सुनेक खातंस? भायर पड!" पहिला तडाखा पाठीवर. "तुझो मुडदो इलो!" दुसरा कमरेवर. तिसरा कुठे बसला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कसंबसं तोंड मोकळं करून मी किंचाळले, "आई! मी आहे! मी आत आहे!"

काठी थांबली. मग सासूबाई थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाये... तू वाघाच्या पोटात आसस?"

मुलींनी कापड ओढून मला बाहेर काढलं. मी उठून बसले आणि पहिल्यांदा मोजलं. मंजू, एक. चिंगी, दोन, एका चपलेवर. सासूबाई, तीन. आणि सासूबाई रडत होत्या! माझ्या लाल झालेल्या गालावरून हात फिरवत होत्या. "खंय लागला गो? खंय चावलो?"

"चावला नाही आई. रंग आहे. डेकोरेटरचा."

त्यांनी डोळे पुसले, काठी टेकली आणि आवाज पूर्ववत केला. "मग डाळ कित्याक करपवलंस?"

तेवढ्यात मला आठवलं. "अगं, बाबा कुठेत?"

हे हौदातच होते. कोरडा हौद आता तबेल्याच्या छपरावरून पडणाऱ्या पाण्याने कमरेपर्यंत भरला होता आणि हे त्यात चष्मा धरून शिस्तीत उभे होते.

"अहो, बाहेर का नाही आलात?"

"पुढील सूचना मिळाली नाही," हे म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "तू धोका सुरू व्हायची शिट्टी लिहिलीस. संपायची कुठे लिहिलीयेस?"

मी यादी उलटसुलट बघितली. खरंच लिहिली नव्हती. म्हणजे सासूबाईंना करपल्याचा वास आला नसता, तर हे आजही हौदात असते.

दत्ताभाऊजी छत्री घेऊन आले तेव्हा आम्ही पाचजण त्या पत्र्याखाली बसून करपलेली डाळ आणि गार भात खात होतो. "काय वहिनी, कसं काय कॅम्पिंग?"

"थ्रिल आलं!" मंजू म्हणाली. ती सकाळपेक्षा खूश होती.

"मला नाही मिळालं," चिंगी म्हणाली.

आम्ही रात्र काढली नाही. उजेड असतानाच परतीची बस पकडली. कंडक्टर सकाळचाच होता. ओला तंबू गुंडाळून गुलाबी झालेले आमचे पाच चेहरे बघून तो म्हणाला, "दिवाळीत रंगपंचमी खेळलात?"

बसमध्ये सासूबाईंच्या शेजारी बसल्यावर मला जरा धीर आला. म्हटलं, शब्द तर पाळला. "बघा आई, चार माणसं नेली होती. चारही परत आणली."

"हाडलंस, हाडलंस," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण पाचवीक कोणी हाडल्यान? मीया!"

तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत पहिलं नाव माझं असतं. आणि आमच्या घरात तुरीची डाळ दोनच शिट्ट्यांवर उतरवतात. ती दाताखाली कचकचते, पण कोणी तक्रार करत नाही. एकदाच नव्या जावयाने भाबडेपणाने विचारलं, "आई, आणखी एक शिट्टी होऊ द्यायची का?" आणि दुसऱ्या क्षणी पानावर तो एकटाच उरला होता. अकरा सेकंदांच्या आत! न्हाणीघरात शिरून आतून कडी लावणारी पहिली मात्र मीच होते.