वैभ्या ‘पुश’ म्हणायचा तवा

थांबा, हे आत्ताच सांगते, न्हाईतर मलाबी गप करतील. माझा मामेभाऊ वैभव गेला त्याला महिना होत आला. सांगलीकडं आमी दोघं भरतीच्या अकॅडमीत होतो, त्यो आर्मीसाठी, मी पोलिससाठी. फोन आला तवा मी घरी उंब्रजला होते. “वैभ्या ग्राऊंडवर पडला, मिरजंला नेलाय...” आमी कराड ओलांडायच्या आत दुसरा फोन आला.

डिक्शनरीत ‘पुश’ म्हणजे ढकलणं. आमच्या ग्राऊंडवर त्याचा अर्थ पळ, थांबू नको. एक जण थांबला की अख्ख्या बॅचला परत राऊंड, म्हणून मागं पडणाऱ्याला सगळे ओरडून पळवतात. वैभ्याचं येगळं. माझा दम तुटायला लागला की त्यो आपला राऊंड संपवून माघारी यायचा, शेजारनं पळायचा. “पुश, शिल्पे! त्या बाभळीपतुर चल, मग शिव्या दे मला.” “गप रं, बोलायला दम न्हाई!” “मग वराडतीस कशी गं?” हसू यायचं... आन् बाभळ मागं गेलेली असायची.

त्या दिवशी त्याला ताप होता. “सर, अंग तापलंय, आज बसू का?” अकॅडमीचे सर सावलीत, खुर्चीवर. “बॉर्डरवर ताप बघून सुट्टी देत्यात व्हय रं? पुश!” मागनं बॅचबी ओरडाय लागली, परत राऊंड कुणाला पायजे? त्याच्या शेजारनं मात्र कुणीच पळत नव्हतं. हे मला त्याच्या रूममेटनं सांगितलं. वर म्हणला, माझं नाव घेऊ नको.

शोकसभेत सर काय म्हणले? “वैभवनं ताप आहे म्हणून सांगितलंच नाही हो. शेवटपर्यंत पुश करत राहिला, असा जिद्दी पोरगा!” मामी पदर तोंडाला लावून ऐकत होती. तवापासनं ती पोरावरच रुसलीय. फोटोला हार घालंना. “सांगायचंस की रं, तोंड नव्हतं व्हय तुला...” म्हणती आन् भिताडाकडं तोंड करून बसती. सरांनी पोरगं न्हेलं ते न्हेलं, वर त्याच्यावरच खापर फोडलं.

आगं मामी, त्यानं लपवलं न्हाई. त्यानं सांगितलं होतं.

आवं, तुमच्या ग्राऊंडवर झालंय का असं? मग त्या पोराच्या आईला खरं कुणी सांगितलं?