मागच्या दाराची माती

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, वडिलांच्या बंद पडलेल्या, धातूला मुलामा देण्याच्या कारखान्याच्या आवारात लोरेन हडाक सकाळपासून येरझारा घालत होती. जमीन शुद्ध करण्याच्या राज्याच्या योजनेत ती आपखुशीने शिरली होती. जमीन निर्धोक असल्याचा दाखला मिळताच इथे बालवाडी उभी राहणार होती. तपासणीसाठी आवारात पाडलेल्या चारही भोकांतल्या मातीत यंत्राला विष सापडले नाही. यंत्रवाला अर्ल सामान आवरू लागला.

"आता तरी बसा, बाई! जमीन झिजेल."

तिचे पाय थांबले, पण जीव थाऱ्यावर येईना. बापाचे नाव राखावे, की लेकरांचे पाऊल राखावे?

"अर्ल, मागच्या दाराशी खोद. बाबा दर शनिवारी मुलाम्याच्या टाकीतलं विषारी पाणी तिथंच ओतायचे."

"हे अहवालात लिहावं लागेल हं."

"त्यांच्या नावासकट लिही," म्हणत ती दाराकडे चालू लागली.