बोगनवेलीतला चेहरा

खिडकीच्या उजेडात मी लॅबमधून आणलेला फोटो धरला. त्यात आमच्या दारची बोगनवेल होती, आणि फुलांआडून दिवंगत सासूबाई हसत होत्या.

पन्नाशीत मला रोलच्या कॅमेऱ्याचा नाद लागला. नवा रोल महाग, म्हणून कैलासवासी सासऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सापडलेला रोलच घातला. फिल्मच्या पट्टीचं टोक डबीबाहेर होतं, म्हणजे तो कोरा, असं मी धरून चाललो. वापरलेल्या रोलचंही टोक ते बाहेरच ठेवत, हे माझ्या बायकोला, सुमाला, ठाऊक होतं. स्वस्तात रोल धुऊन देणारी लॅब शोधताना मी गावभर चौकशी केली. घरात तिला मात्र विचारलं नाही.

"काका, एकावर एक फोटो आलेत. सगळ्या रोलभर," लॅबवाला म्हणाला होता.

सुमानं फोटो हातात घेतला. "आई इतकी मोकळी कधी हसायची नाही. बाबांनीच हसवलं असणार." मग हळूच म्हणाली, "अहो, यातली तुमची फुलं काढून टाकता येतील का?"

"नाही येणार," मी म्हणालो. खिडकीबाहेर बोगनवेल तशीच फुललेली होती. तिचा फोटो मला कधीही काढता आला असता.