जा जा म्हणाली आणि फासे गेले

मागच्या डिसेंबरात आमच्या ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत एक गंमत झाली... गंमतच म्हणायची आता.

हॅम्बर्गला बंदराजवळचा एक हॉल घेतला होता आणि थीम होती कॅसिनो. खरे पैसे कुठेच नाहीत, दारात सगळ्यांना सारखेच प्लास्टिकचे चिप्स. रुलेटपाशी फार गर्दी होती, म्हणून मी आणि मृणाल, माझी बायको, फाशांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलो.

खेळ सोपा करून ठेवला होता. सात येईपर्यंत दोन्ही फासे तुमच्याच हातात, सात आलं की तुमची पाळी संपली आणि फासे शेजारच्याकडे. बाकीचे तुमच्या हातावर चिप्स लावणार. माझा टीमलीडर तोमास, त्याला दर पाळीला पहिल्याच दानाला सात येत होतं. सगळे त्याला "पेखश्ट्रेन, पेखश्ट्रेन" म्हणून चिडवत होते... म्हणजे साडेसाती.

मृणालचं थोडं सांगायला हवं. ती पुण्यात डेंटिस्ट होती. इथे प्रॅक्टिस करायची तर डॉक्टरांची वेगळी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते, फाखश्प्राखप्रूफुंग. (हे नुसतं नीट म्हणता आलं तरी निम्मे मार्क द्यायला हरकत नाही.) ती दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप पुढच्याच मंगळवारी होती.

यावेळीही जमलं नाही तर लेकीला घेऊन पुण्याला परत जायचं आणि स्वतःचं क्लिनिक पुन्हा उघडायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मी इथेच, नोकरीवर. त्यावरून आमचं भांडण वगैरे काही झालं नाही... तेच जास्त वाईट होतं.

तर मृणालच्या हातात फासे आले आणि सात येईचना. चार, नऊ, सहा, परत नऊ... माझे कलीग्ज हळूहळू आमच्याकडे सरकले. तोमास म्हणाला, ही ग्ल्यूक्सश्ट्रेन आहे, हिचं नशीब जोरावर आहे, आणि त्यानं तिच्यावर चिप्स लावले.

मी क्वालिटी इंजिनिअर, विमानांचे पार्ट तपासतो. फाशांना आठवण नसते, मागचं दान पुढच्या दानाला काही सांगत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरी मीही माझे होते नव्हते ते सगळे चिप्स तिच्या हातावर लावले, खोटं कशाला बोलू...

मृणालचा चेहरा मात्र खेळणाऱ्याचा नव्हता. माझ्या लक्षात आलं, बाई मंगळवारचा कौल लावून बसली आहे. फासे टाकताना दर वेळी ओठातल्या ओठात पुटपुटत होती, "पास... पास..."

टेबल सांभाळणाऱ्या मुलीनं ते ऐकलं. जर्मनमध्ये "इश पासं" म्हणजे "मी माझी पाळी सोडते". तिनं वाकून विचारलं, "पासन झी?" म्हणजे, सोडताय का? गोंगाटात मृणालला ते धड कळलं नाही. पण तिनं हसून मान डोलावली. "जा, जा," म्हणजे हो, हो.

मुलीनं काठीनं फासे ओढले आणि तोमासपुढे सरकवले.

मृणाल बघतच राहिली. सात आलंच नव्हतं आणि हातचे फासे गेले होते. मी मध्ये पडून सांगणार तेवढ्यात तोमासनं टाकलेसुद्धा... सात. सगळे हसले, फासे पुढे गेले.

परतताना फेरीबोटीत मी तिला त्या 'पासन झी'चा घोळ सांगितला. मला वाटलं, ही अपशकुन धरून बसली. मी आपलं धीर द्यायला म्हटलं, "अगं, फाशांचं काय मनावर घेतेस... आणि परीक्षेचं म्हणशील तर दोनदा दान उलटं पडलं, इतकंच. दिवस असतात एकेक."

"सलग दोन पार्ट बाद झाले तर ऑफिसात असंच म्हणतोस का रे?"



मग तीच सांगायला लागली. मागच्या परीक्षेत पेशंटचं सोंग घेतलेले डॉक्टर म्हणाले होते, दाढेत "त्सीट". म्हणजे ओढल्यासारखी कळ येते. दात उपटण्यालाही जर्मनमध्ये तेच क्रियापद. हिला अर्थ नीट लागला नव्हता, पण विचारलं तर कच्ची समजतील म्हणून "जा, जा" म्हणाली आणि रिपोर्टात त्या बिचाऱ्याची दाढ काढून मोकळी झाली. त्याच्या आधीच्या वेळीही असंच काहीतरी झालं होतं.

"मला जर्मन येत नाही असं नाहीये," ती म्हणाली. "मला 'कळलं नाही' असं म्हणता येत नाही."

शनिवार-रविवार मी पेशंट झालो. मी मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलायचं आणि तिनं मला अडवून विचारायचं. सुरुवातीला तिला ते इतकं जड गेलं की मलाच कसंतरी झालं. पुण्यात पेशंटना दम देणारी ही बाई, इथे एक साधा प्रश्न विचारताना तिचे कान लाल होत होते.

मंगळवारी दुपारी फोन आला. निकालाचं नाव नाही, आधी सगळी कहाणी... "दोनदा थांबवलं मी त्यांना. दुसऱ्यांदा थांबवलं तर परीक्षक बाई म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, पेशंटला असंच विचारायचं असतं."

"बरं, आणि?"

"आणि काय... राहतेय मी."

मी ऑफिसच्या जिन्यात बसलो आणि रडलो. "जाऊ नकोस" असं मी तिला इतक्या महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं. आता गरज नव्हती, तरी म्हटलं... आणि ते ऐकायला ती फोनवर होती, याबद्दल मी कोणाचे आभार मानू, फाशांचे की ते ओढून नेणाऱ्या त्या मुलीचे, ते मला अजून कळलेलं नाही.