माझ्या अंगावर शिकवलेलं इंग्रजी

"चल, मर," सर म्हणाले, आणि मी फळ्यासमोरच्या फरशीवर आडवी झाले.

दिग्रसची शाळा, आठवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. सरांनी फूटपट्टी माझ्या पोटाला टेकवली आणि वर्गाकडे पाहून ओरडले, "स्टॅब!" वर्ग ओरडला, "स्टॅब!" मग पट्टी मानेवर आली. "बीहेड!" वर्ग पुन्हा ओरडला. मी डोळे मिटून, जीभ जराशी बाहेर काढून पडायचं, असं मला शिकवून ठेवलं होतं. मेलेल्याने हसायचं नाही.

मारण्याचे शब्द परीक्षेला हमखास येतात, असं सरांचं म्हणणं. आणि नुसता लिहून शब्द डोक्यात राहत नाही, डोळ्यांनी पाहिला की राहतो. त्यासाठी एक अंग लागायचं. ते माझं. वर्गात कापसाच्या व्यापाऱ्यांची मुलं होती, शेतीवाडीवाल्यांच्या मुली होत्या. त्यांच्या मानेला हात लावला असता तर दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आले असते. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एसटीने येणारी. पहिल्याच वेळी सरांनी वर्गाला माझी ओळख करून दिली होती, "हे तांड्यावरची आहे. दणकट. हिले काही लागत नाही."

मला काही लागत नाही, हे असं ठरलं. मधल्या सुट्टीत पोरं यायची. "चाल वं, रिव्हिजन करू." सरांची पट्टी नुसती टेकायची. पोरांच्या लाथा टेकून थांबत नव्हत्या. किक, पंच, स्लॅप हे शब्द त्यांना चांगले पाठ झाले.

आणि मला काय वाटत होतं? अभिमान. सर रोज माझं नाव घेऊन पुढे बोलावतात याचा अभिमान. याडीला, म्हणजे माझ्या आईला, मी घरी तेवढंच सांगितलं होतं. तिने हापशीवर बायकांना सांगितलं की इंग्रजीचे सर पोरीला रोज सगळ्यांच्या पुढे घेतात. बायका मला रस्त्यात थांबवून इंग्रजी बोलून दाखव म्हणायच्या.

मग स्ट्रँगल आला.

सरांनी मला खुर्चीवर बसवलं. मागून दोन्ही हात गळ्याभोवती घातले. दाबले नाहीत, खरं तेच सांगते. नुसते ठेवले. हातांना खडूचा वास होता. "पाहा रे, बोटं कशी येतात," ते वर्गाला म्हणाले.

बोटं कशी येतात ते मी पाहिलेलं होतं.

माझी मोठी बहीण उमरखेडकडच्या एका तांड्यावर दिलेली होती. ती मेली तेव्हा सासरचे म्हणाले, फिट आली. आम्ही तिथे पोचलो. याडी तिला आंघोळ घालत होती, मी तांब्या घेऊन शेजारी उभी होते. याडीने तिचे ओले केस बाजूला केले. गळ्यावर काळीनिळी बोटं उठलेली होती. याडीने पटकन पदर ओढून गळा झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तिथल्या नाईकाने, म्हणजे तांड्याच्या मुख्याने, दोन्हीकडच्या माणसांना बसवलं. बा खाली मान घालून ऐकत राहिला. चहा झाला आणि माणसं उठली. त्यानंतर कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, ती गेली. कशी गेली? फिट आली होती.

सरांचे हात गळ्यावर असताना मला ती दिसली. ओले केस, मिटलेले डोळे, आणि ती बोटं. खुर्चीखाली पाणी ठिबकायला लागलं तेव्हा कळलं की मला लघवी झाली आहे.

मग एकजण ओरडला, "सर, हे तं खरंच मेली!" आणि बाकं बडवली गेली. सरही हसले. म्हणाले, "जाय, फडकं आन. आपल्या हातानं पूस."

मी पुसलं. गुडघ्यांवर बसून, पहिल्या बाकाखाली आलेल्या पायांमधून हात घालून पुसलं. रडले नाही. डोक्यात एकच चाललं होतं. आमच्या घरात जे कुणी तोंडातून काढत नाही, ते इथे फळ्यावर लिहिलेलं आहे. पोरं ते उतरवून घेत आहेत. त्याचे मार्क मिळणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चल, ये. ड्राउन राह्यला."

मी बाकावरून उठले नाही.

"बहिरी झाली काय?"

"मी मरत नाही, सर."

"काहून?"

"मी आता मरनार नाही."

"मायले घेऊन ये उद्या," सर म्हणाले. "टीसीच देतो हातात."

याडी आली. मोठ्या सरांच्या खोलीत तिला कुणी बस म्हटलं नाही. ती दाराशी उभी राहिली, मी तिच्या बाजूला. सर म्हणाले, "खेळ होता, बाई. शब्द शिकवून राह्यलो होतो. तुमच्या पोरीनं वर्गात घाण केली, आन वरून मले उलटून बोलते."

"कोन्ता शब्द?" याडीने विचारलं.

सर मोठ्या सरांकडे पाहून हसले. "गळा दाबून मारणे. इंग्रजीत एका शब्दात सांगता येते."

याडीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आताही झाकेल.

"माही मोठी पोरगी तशीच मेली," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्यानं दाबला गळा. म्या गळ्यावर बोटं पाह्यली."

मोठे सर टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. सर म्हणाले, "आमाले काय मालूम, बाई."

"आता झालं ना मालूम. शिकवा हिले. पन हिच्या आंगावर नका शिकवू."

माफी कुणी मागितली नाही. टीसीही कुणी दिली नाही. तो खेळ बंद झाला, पण पोरं मला दहावीपर्यंत "मेलेली" म्हणत राहिली.

आज मी राजूरकडे एका दवाखान्यात नर्स आहे. मारण्याचे इंग्रजी शब्द मला अजूनही सगळ्यात चांगले येतात. पण गळ्याभोवती ओढणी घेता येत नाही. डॉक्टरांनी थायरॉईड पाहायला हात पुढे केला, तर मी खुर्ची सोडून बाहेर पळाले. केस धुताना बहीण येते. माझ्या हातातला तांब्या तिच्या डोक्यावर रिकामा होतो. भीती वाटते, अजूनही वाटते.

पोलीस ठाण्यात जाऊन आले. इतक्या वर्षांनी पुरावा कुठला, म्हणाले. खरंच कुठला? जाळलेल्या गळ्यावर बोटं राहत नाहीत. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली आहे. सगळीकडे पाहुणा म्हणून जातो.

यंदा आमच्या तांड्यावर एका लग्नाला आला. त्याला पंगतीत पहिला बसवला. मला पाहून म्हणाला, "काय वं, मोठी झाली!" आणि पुरीचा तुकडा तोडला. मी त्याच्या ताटासमोर जाऊन उभी राहिले आणि आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ह्या माणसाने माझ्या बहिणीचा गळा दाबला. तिला फिट आली नव्हती."

वाढणारे थांबले. कुणीतरी माझा हात ओढला, लग्न आहे, बस खाली. आमचा नाईक म्हणाला, झालं गेलं ते झालं. बायकांच्या घोळक्यातून याडी उठली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तो तसाच खरकट्या हाताने उठला, गाडीला किक मारली आणि गेला.

लोक विचारतात, किती दिवस असं करणार? तो जेवायला बसतो तितके दिवस. ज्या पंगतीत तो बसेल, तिथे मी उभी राहणार, आणि बहिणीचं नाव घेऊन, त्याचं नाव घेऊन, काय केलं ते सांगणार. पुढच्या महिन्यात पुसदला त्याच्या पुतण्याचं लग्न आहे. आम्हाला पत्रिका नाही. मी रजा टाकली आहे.