कड्यावरचे पंखे माना फिरवतात तेव्हा

आठवीत शाळा सोडून मी गडचिरोलीकडून माधवनगरला आलो तो यंत्रमागावर काम करायला. ज्यांच्या मागावर लागलो त्या काकूंनी पहिलं वर्षभर मला जेवू घातलं. भाताशिवाय माझं पोट भरत नाही हे कळल्यावर भाकरीच्या घरात त्या माझ्यापुरता भात टाकायच्या. पुढे पवनचक्क्यांवर गेलो. आधी साताऱ्याच्या पठारावर, आता सांगलीकडच्या माळावर, नियंत्रण खोलीत. खुर्ची आहे, पंखा आहे, पण मी नीट टेकून कधी बसलो नाही. वाटतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, तू इथं कसा?

आमचं काम सांगायला सोपं आहे. वारा किती वेळ राहील, हे राज्यभरच्या विजेचा ताळमेळ बघणाऱ्या मुंबईकडच्या भार केंद्राला कळवायचं. वारा पडणार असेल तर ते किनाऱ्यावरचा गॅसवर चालणारा वीजसंच पेटवायला लावतात. पण गॅस लगेच मिळत नाही. त्याच नळीवर कारखाने चालतात, घरच्या शेगड्या चालतात. आधी सांगितलं तर नळीत दाब भरून ठेवतात. नाही सांगितलं, तर कुठंतरी वीज कापावी लागते. आणि वीज गेली की मागावरचा धोटा मधेच अडकतो, धागे तुटतात, कापडावर आडवा पट्टा उठतो. असे पट्टे मी हातांनी उसवलेत.

श्रावणातली दुपार होती. संगणक म्हणत होता, सहापर्यंत वारा आहे. मी खिडकीतून बघितलं तर कड्यावरच्या पहिल्या ओळीतले पंखे माना फिरवत होते. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, दिशा हरवल्यासारखे. इतकी वर्षं बघतोय, असं झालं की तासाभरात वारा बसतो.

साहेब साताऱ्याला बैठकीत होते. फोनवर म्हणाले, "अंदाज बदलायचाय? बदल. पण नोंद तुझ्या नावावर टाक."

माझा करार त्याच महिन्यात संपत होता. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

भार केंद्रातला माणूस तासगावकडचा. रोज बोलायचो, पण तोंड कधी बघितलं नव्हतं.

"आवं, मशीन म्हणतंय वारा हाय, तुमी म्हणताय जातुय. कुनाचं ऐकू?"

"पहिल्या ओळीनं माना फिरवल्यात."

"शिकलाय किती?"

"आठवी."

"मी बारावीला दोनदा आपटलोय, कुनाला सांगू नका. सांगतो गॅसवाल्यास्नी. वारा न्हाई पडला तर आमचं साहेब मला झापतील, आन् मी तुमाला."

आणि वारा वाढला! अर्धा तास पाती अशी फिरली की मला घाम फुटला. चहा ओतला, तो तसाच निवला. बाहेर गेलो, आत आलो, नोंदवहीतलं माझं नाव वाचलं. वाटलं, फोन करून सांगावं, चुकलं, राहू दे.

तेवढ्यात कुंपणावर वाळत घातलेला माझा टॉवेल हलायचा थांबला. मग एकेक पातं मंदावलं. पडद्यावरचा आकडा उतरत गेला आणि शेवटी पंखे नुसते उभे राहिले. तास भरायला दहा मिनिटं बाकी होती.

भार केंद्राचा फोन लागेना. तिकडं संच पेटला की नाही, कळायला मार्ग नव्हता. म्हणून माधवनगरला काकूंना लावला. त्यांनी उचलला आणि आधी मागांचाच आवाज आला. खटखट, खटखट, एकसारखा.

"कोन? तू व्हय रं? काय झालं?"

"काही नाही काकू, सहजच."

"आवाज न्हाई ऐकू यायचा बाबा, चारी माग चालू हायती! सांजच्याला कर!"

त्या फोन बंद करायला विसरल्या. मीही केला नाही. खुर्चीला पाठ टेकून ऐकत बसलो.