राहून गेलेले अध्याय

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एकूण अकराशे एकोणनव्वद अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच असे वाचले तर वर्षात ते पुरे होतात आणि दहा अध्यायांची सवड उरते. हे गणित मी लग्नाच्या वर्षी बसवले आणि पुढे सात वर्षे पाळले. तापाने पडलो तर बरे झाल्यावर रोज एक जादा वाचून तूट भरून काढीत असे. तळोद्याला लाकडाच्या वखारीत मी मोजणीदार होतो. सागाच्या ओंडक्याची लांबी घ्यायची, दोरीने घेर घ्यायचा, घनफूट लिहायचे आणि पुढच्या ओंडक्याकडे वळायचे. सकाळचे वाचनही मी त्याच रीतीने करीत होतो. त्यात मला काही गैर वाटत नव्हते, उलट थोडा अभिमानच होता.

मी वाचायचो तेव्हा बायको चुलीपाशी भाकरी थापत असे. ती डोंगरातल्या गावची. तिची माहेरची बोली वेगळी, माझ्याशी ती बोलायची ती बाजारातली अहिराणी, आणि पुस्तकातली मराठी तिला तिसरीच. अक्षरओळख नव्हती. वाचलेले तिला फारसे कळत नसावे असे मी धरून चाललो होतो. विचारले मात्र कधीच नाही.

प्लेगाच्या वर्षी वखारीत उंदीर मरून पडू लागले आणि गाव खाली करण्याचा हुकूम आला. सगळ्यांनी शेतात झोपड्या घालायच्या, घरे बंद करून औषध मारायचे, परवानगी होईपर्यंत गावात पाऊल टाकायचे नाही. मी न्यायच्या सामानाची यादी केली. भांडी, पीठ, घोंगड्या, कंदील, दोर. शास्त्राचे पुस्तक यादीत घेतले नाही. झोपडीत वाळवी लागेल, ओल येईल, पाने जातील, असा विचार केला. पंधरा दिवस धरले तर दोन रविवार मिळून एकोणपन्नास अध्याय मागे पडत होते. घरी परतल्यावर रोज दोन जादा वाचले की पंचवीस दिवसांत फिटले असते. बायको गाठोडे बांधत होती, तिला मी हे समजावून सांगितले.

"मंग पंधरा दिनन्या भाकरी बी घर उनावर एकदम खाई ल्या," ती म्हणाली.

मी हसलो. तीही हसली. तिने थट्टा केली असे समजून मी विषय सोडला.

झोपडीत गेल्याच्या नवव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी काखेत गाठ दिसली. आजूबाजूच्या झोपड्यांतल्या लोकांनी आपली चूल आमच्यापासून लांब हलवली. त्यांना मी दोष देत नाही, मीही तेच केले असते. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला मी झोपडीबाहेर बाभळीखाली बसवले आणि आत यायचे नाही म्हणून बजावले. मी पेज केली आणि वाटी बायकोच्या तोंडाशी नेली.

"पेज लेशी का थोडी?"

"नको. ते हरनीवालं सांगा."

कोणते ते मला लगेच कळले. तहानलेल्या हरिणीचे स्तोत्र. मी तोंड उघडले आणि पुढे काही आले नाही. सात वर्षांत सात वेळा वाचलेले स्तोत्र, आणि एक वाक्य जुळेना.

"ते बेचाळिसावं शे," मी म्हणालो. "अकरा वचनं शेतस त्यामां."

"आकडा खाऊ का मी?"

मग तिनेच सुरू केले. निम्मे शब्द पुस्तकातले, निम्मे तिचे. उन्हाळ्यात डोंगरातले डोह आटले की हरीण उतरून कसे येते ते तिने लहानपणी पाहिले होते, आणि ते त्या स्तोत्रात तिने मिसळून टाकले होते. दोन वचने झाली आणि ती थांबली.

"पुढे काय शे?" तिने विचारले.

मी वाटी खाली ठेवली.

"तव्हय तुमले सांगं, परत एकदा वाचा," ती डोळे मिटून म्हणाली. "तुम्ही म्हने, आते पुढला वरीसले."

एका सकाळी तिने मागितले तेव्हा मी तसे म्हणालो होतो. तेच परत वाचले असते तर त्या दिवशीचे तीन अध्याय मागे पडले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गावाकडे गेलो. नाक्यावरच्या शिपायाने काठी आडवी धरली. पुस्तक आणायचे आहे म्हटल्यावर त्याने मला वेड्यात काढले. मी हुज्जत न घालता फिरलो आणि दोन कोसांवर मिशनच्या शाळेचे मास्तर झोपडी घालून होते तिकडे गेलो. लांबूनच ओरडून सांगितले की बेचाळिसावे स्तोत्र उतरवून हवे आहे.

"पाठ नाही?" मास्तर म्हणाले. "वा, मोजणीदार! घनफूट बरोबर, पण लाकूड वखारीत नाही!"

बायकोला गाठ आली आहे हे मी सांगितले. ते आत गेले, स्तोत्र कागदावर उतरवले आणि कागद दगडाखाली ठेवून मागे सरले. मी तो उचलला.

परत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. ती बडबडत होती. माहेरच्या बोलीत आईला हाका मारीत होती, मला ओळखत नव्हती. मी स्तोत्र वाचले. पहिल्यापासून अकराव्या वचनापर्यंत, चार वेळा. तिसऱ्या वेळी तिने मान माझ्याकडे वळवली. माझ्या आवाजामुळे वळवली की काखेतल्या दुखण्यामुळे, ते मला सांगता येत नाही. दिवस मावळण्याआधी ती गेली. तिने नक्की ऐकले असेल, असे ख्रिस्ती मंडळीतले लोक मला पुढे पुष्कळदा म्हणाले. मी त्याला होय म्हणत नाही. तिला हवे होते तेव्हा माझ्यापाशी नव्हते, एवढेच मला खात्रीने माहीत आहे.

मास्तर आले, आणखी दोघे आले, आणि आम्ही शेताच्या बांधापलीकडे तिला मूठमाती दिली.

दुसऱ्या सकाळी मी कागद काढून मुलीला जवळ बोलावले. "बाबा, माले भूक लागनी," ती म्हणाली. मी कागद ठेवला आणि भाकरी केली. एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. ती खात असताना मी पहिले वचन म्हटले आणि तिच्याकडून तोंडात घास असतानाच म्हणवून घेतले. तिला त्यात गोडी नव्हती. मलाही नव्हती. दोन दिवसांपूर्वी मी पेजेची वाटी बायकोच्या ओठांशी धरून बसलो होतो, आज ते वचन तसेच स्वतःच्या ओठांशी धरून बसलो होतो. दुसरे वचन मी घेतले नाही. ते एकच वचन पाठ व्हायला तिला दोन दिवस लागले, मला तीन.